ओ द्यायची राहिली

“सगळी मुलं वाचली ना, नाना? मग तो मुलगा माझ्याशी बोलत का नाही?”

केतकीने चपलाही धड काढल्या नव्हत्या. प्रश्न उंबऱ्यातूनच आत आला.

नाना तांडेल चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नाना अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पूर आला, आग लागली, दरड कोसळली तर काय करायचं, हे शाळाशाळांतून आठवी-नववीच्या मुलांना शिकवणारे प्रशिक्षक असतात. नाना त्या प्रशिक्षकांना शिकवत. टेकडीवरच्या एका जुन्या गोदामात त्यांचा वर्ग भरे. त्या गोदामाला सगळे आश्रम म्हणत. कारण तिथे चहा फिका मिळे आणि सरळ उत्तर मिळतच नसे.

केतकी त्यांची सर्वांत हुशार शिष्या. हे तिला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं. तिची शिट्टी वाजली की अख्खी शाळा बघता बघता वरच्या मजल्यावर पोहोचे, आणि मुख्याध्यापक पाहुण्यांना बोलावून ते दाखवत. बाकीचे प्रशिक्षक तिच्यावर जळत, पण शिकायलाही तिच्याकडेच येत.

“बस,” नाना म्हणाले.

ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं.

गेल्या महिन्यात नदीकाठच्या शाळेत भर दुपारी पाणी शिरलं. मुलं न गोंधळता वर गेली. फक्त नववीतला हेरंब जिन्याशी घसरला आणि त्याचा पाय मोडला. अंगाने भरलेला मुलगा. सुजल हा त्याचा जिवलग मित्र. सुजलने आणि आणखी काही मुलांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, पण जिना चढवणं काही जमेना. मग त्यांनी त्याला ओढत तळमजल्यावरच्या सभागृहाच्या स्टेजवर नेलं, टेबलावर बसवलं आणि मोठ्यांना सांगायला वर धाव घेतली. हेही केतकीनेच शिकवलेलं होतं. तेवढ्यात जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या आणि कोणालाच परत उतरता येईना.

संध्याकाळी बोट आली. हेरंबला खिडकीतून बाहेर काढलं.

“पाय सांधत आलाय,” केतकी म्हणाली. “पण तो शाळेत यायला तयार नाही. मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून झोपला. सुजलचं नाव काढलेलंही त्याला चालत नाही. परवा वडील त्याला मामाकडे नेऊन सोडणार आहेत. कायमचं.”

“आणि सुजल?”

“तो डबा तसाच घरी नेतो. त्याची आई रडत होती माझ्यापाशी.”

नानांनी तिच्यापुढे चहा ठेवला.

“मुलं चुकली कुठे?” तिने विचारलं. आवाज चढला होता. “एक तरी चूक दाखवा. त्यांनी त्याला उंचावर ठेवला, वर जाऊन सांगितलं, म्हणून बोट आली. पदक मिळावं इतकं चोख काम केलं हो त्यांनी!”

नानांना चुका शोधायची घाई दिसत नव्हती.

“वर गेल्यावर काय करत होती मुलं?” त्यांनी विचारलं.

“रांगेत उभी होती. सभागृहाच्या बरोबर वरच्या वर्गात. हजेरी झाली. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता.” हे सांगताना तिची मान नकळत ताठ झाली.

“हेरंबने हाक मारली?”

“मारली. सुजलच्या नावाने.”

“ऐकू आली?”

“आली. सुजलने सांगितलं मला.” केतकीचा आवाज जरा खाली आला. “बाई फोनवर बोटवाल्यांना पत्ता सांगत होत्या. त्यांनी हातानेच सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. आणि रांगेत बोलायचं नाही, हा तर नियमच आहे.”

“मग हेरंबने काय केलं?”

“आणखी हाका मारल्या. मग थांबला.”

बाहेर कोणीतरी बादली आपटली. नानांनी चहा संपवला, कप धुतला, पालथा घातला.

“आईला तो एवढंच म्हणाला, की वर कोणीच नव्हतं,” केतकी म्हणाली. “मी त्याला सांगून आले, अरे बाबा, सगळी मुलं अगदी तुझ्या डोक्यावर उभी होती. सगळ्यांना तुझीच काळजी होती. तरी पटत नाही त्याला. आता आणखी कसं समजावू?”

“धुराच्या खोलीत जा,” नाना म्हणाले.

“काय?”

“जा. आत जाऊन बस.”

गोदामाच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली होती. तिच्यात धूर सोडून नाना प्रशिक्षकांना जमिनीलगत सरपटायला शिकवत. केतकीने त्या खोलीत कितीतरी नव्या प्रशिक्षकांना सरपटवलं होतं. तिला तिथला प्रत्येक कोपरा पाठ होता. ती जराशी वैतागूनच आत गेली.

नानांनी दार लावलं. बाहेरून कडी घातली.

आज धूर नव्हता. नुसता काळोख. काळोखाचं तिला काही वाटलं नाही.

ती बसून राहिली. नाना काहीतरी सांगतील, मग आपण उत्तर देऊ, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

कोणी काही सांगितलं नाही.

“नाना?”

…

“नाना, झालं का?”

…

तिने कान दिला. पावलं नाहीत. खोकला नाही. म्हातारा उरलेला कप विसळायला गेला असेल. की आपल्याला आत ठेवलंय हेच विसरला? वय झालंय. मध्यंतरी छातीत दुखत होतं म्हणाले होते. कुठे पडले तर नसतील? गोदामात या वेळी दुसरं कोणी नसतं.

“नाना!”

तिने दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारली. आपण घाबरलोय हे तिला कळलं आणि त्याची लाजही वाटली. तिला काळोखाची भीती वाटत नव्हती. दाराच्या त्या बाजूला कोणीच नाही, याची वाटत होती. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा आवाज फाटला. मग तिने हाक मारणं सोडून दिलं आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

कडी निघाली.

दाराला अगदी चिकटून एक स्टूल होतं. नाना त्यावरून गुडघ्यांवर हात टेकत उठत होते. त्यांच्या सदऱ्यावर पाठीमागे दाराजवळच्या भिंतीचा चुना लागला होता.

केतकी त्या चुन्याकडे बघत राहिली.

“तुम्ही इथेच होतात?”

“हो.”

“माझी हाक ऐकू येत होती?”

“प्रत्येक.”

“मग ओ का नाही दिलीत?” तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. “एकदा नुसतं ‘ओ’ म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?”

नानांनी स्टूल बाजूला सरकवलं.

केतकी तिथेच जमिनीवर बसली. राग हळूहळू ओसरला आणि त्याच्या जागी हेरंब आला. टेबलावर बसलेला, मोडक्या पायाचा, छताकडे बघणारा.

“रांगेत बोलायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलंत,” ती शेवटी म्हणाली. यात तक्रार कमी होती. या चुकीत तिला कोणीतरी सोबत हवं होतं.

“मीच,” नाना म्हणाले. “आगीत हुकूम ऐकू यावा म्हणून आमच्या जवानांना शिकवायचो. तेच पोरांना शिकवलं. बदलायचं सुचलं नाही.”

ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्या वयात त्यांना ते सोपं नव्हतं. दोघंही काही काळ उघड्या दाराकडे बघत राहिले.

“नियम मी उद्याच बदलते,” ती म्हणाली. “सगळ्या शाळांत. पण हेरंब परवा जातोय, नाना. त्याला मी काय सांगू?”

“काही नको.”

“मग?”

“सुजलला घेऊन जा. हेरंबच्या दाराशी उभा कर.”

“तो घाबरेल. तोंडातून शब्द फुटणार नाही त्याच्या. मी आधी आत जाऊन सगळं नीट समजावून सांगते, मग त्याला आत बोलावते. चालेल?”

नानांनी मान हलवली. नाही.

“ओ सुजलची राहिलीय,” ते म्हणाले. “त्याला वेळ लागला तर लागू दे.”

“आणि तोवर मी काय करू?”

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती नववीतली मुलगी असावी, तसा.

“हाताची घडी,” ते म्हणाले, “तोंडावर बोट.”