ओल्या सारवणाचं घर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या राणीलाही आठवायचं नाही. त्या राज्यातल्या एका गावाची रीत होती, की ओल्या सारवणावर परक्यानं पाय ठेवायचा नाही. ठेवला तर घरच्या बाईचा अपमान, आणि ज्याचा पाय उमटला तो रानटी.

रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतीच्या सावलीत लबाड माणूस बसला की डबक्यातल्या म्हशीसारखा बसतो. उठवता उठत नाही.

त्या गावात एक लोहार घर घ्यायला आला. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि माहेर म्हणजे दुसऱ्याची पडवी. नातवंडानं आपल्या छपराखाली डोळे उघडावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. माणूस कष्टाळू, पण भात्यासारखा, घटकेत फुगायचा. बाजारात वांगं घेताना देठ वर करून बघायचा. बैल घेताना त्याच्या तोंडात हात घालायचा. जावई बघायला गेला तेव्हा तर त्या बिचाऱ्याला गल्लीभर चालवून बघितलं, लंगडतो की काय म्हणून!

घर होतं गावच्या कारभाऱ्याचं. कारभारी बोलायला असा गोड, की त्याच्या मिशीला मुंग्या लागाव्यात.

"या लोहारदादा, या वहिनी! घर तुमचंच समजा. फक्त सारवण आत्ताच झालंय हो."

दोघं उंबऱ्याबाहेरच थांबली. आत गुळगुळीत जमीन, कोपऱ्यात रांगोळी, पांढऱ्या मातीनं लिंपलेल्या भिंती. ओट्यावर गावातले म्हातारे मांडी घालून खीर ओरपत होते. लोहाराच्याही हातात वाटी आली.

लोहारीण हळूच म्हणाली, "अहो, वाळल्यावर येऊन आतून बघू."

वाळल्यावर आली, तर पुन्हा ओलं. परत आली, परत ओलं, आणि परत खीर. एवढं शेण एका घराला लागतं हे पाहून गावातल्या म्हशींनाही स्वतःचा अभिमान वाटला असेल.

लोहारणीनं पदर खोचला. "पहार द्या इकडं. मी आत जाते आणि जमीन ठोकून बघते."

लोहार फुगला. "अगं, लाज आहे का काही? ज्याची खीर खाल्ली त्याच्या घरात पहार घेऊन शिरायचं? नाक कापायला निघालीस माझं!"

"वांग्याचं देठ बघताना कुठं होतं हे नाक?"

"बायका संशयीच," ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला आणि त्यानं वाटी पुढं केली.

झालं. आयुष्यभर ऐरणीवर घाव घालून साठवलेलं सगळं कारभाऱ्याच्या ओंजळीत गेलं आणि घर लोहाराचं झालं.

लोहारानं गाडीतून सामान उतरवलं आणि ऐरण नेऊन माजघरात ठेवली. ठेवली असं आपलं म्हणायचं. कारण पुढच्या क्षणी ती तिथं नव्हतीच. खालून 'धप्प' असा आवाज आला आणि जमिनीला विहिरीएवढं तोंड फुटलं.

खाली होतं जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खोल खड्डा. कारभाऱ्यानं त्यावर फळ्या टाकून माती लोटली होती. फळ्या कुजत होत्या, माती खचत होती, आणि खचेल तिथं तो शेणाचा हात फिरवत होता. बघता बघता मागची भिंत कलली आणि तुळई खाली आली. लोहार कसाबसा बाहेर उडी मारून वाचला.

तेवढ्यात लेकीची गाडी आली. वाटेतल्या धक्क्यांनी पोरीला कळा सुरू झाल्या होत्या. तिला न्यायचं कुठं? त्या घरात? शेवटी रस्त्यात, गाडीच्या ताडपत्रीखाली, चार लुगड्यांचा आडोसा करून पोर जन्मली. आजोबा दाराशी घर घेऊन उभा, आणि नात रस्त्यावर!

लोहार पेटला. त्यानं पंच बोलावले. पंच कोण? तेच, खिरीवाले.

कारभारी म्हणाला, "मी घर दाखवलं, यांनी पाहिलं. आत येऊ नका, असं म्हणालो का मी कधी?"

"तसं काही म्हणाला नाही बुवा," पंच बोलले.

"आणि पेव? तुम्हाला ठाऊक होतं?" लोहार गरजला.

"ठाऊक म्हणजे... यांचं वासरू गेलं होतं एकदा खाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडात खीर होती."

लोहाराचा हात घणाकडं गेला. पण लोहारीण मध्ये आली. नात तिच्या खांद्यावर होती.

"भांडण नको. घर चांगलं असेल तर न्याय घरातच करू. आज जमीन कोरडी आहे. पंचांनी माजघरात बसावं. मी खीर करते."

कुणी जागचं हललं नाही.

"अहो, या की! खीर आवडते ना? भाऊजी, तुम्ही पुढं व्हा."

"मला मारता काय, वहिनी? घरी पोरंबाळं आहेत माझी!" कारभारी घाबरून बोलून गेला. मग त्यानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द सगळ्यांनी ऐकला होता.

आता पंचांना पळवाट उरली नाही. कारभाऱ्याला घेतलेलं सगळं परत द्यावं लागलं, आणि दोरखंड लावून ऐरण वर काढताना दोर ओढायला पंचांना उभं केलं.

लोहारानं दुसरं घर पाहिलं. तिथंही सारवण ओलं होतं. तो सरळ आत गेला. घरधनीण कडाडली, "आंधळा आहेस का रे मेल्या?" त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. भिंती ठोकल्या, तुळया हलवून बघितल्या, शेजाऱ्यांना खोदून खोदून विचारलं. मग गुडघ्यावर बसून ती अख्खी जमीन स्वतःच्या हातानं पुन्हा सारवून दिली. ती वाळली, आणि तेव्हाच त्यानं लेकीला आणि नातीला उंबऱ्याच्या आत घेतलं.

म्हणून सांगतो, भिडेपोटी उंबऱ्याबाहेर थांबून घर घेऊ नये. चांगलं घर ठोकल्यानं पडत नाही, आणि पडलंच तर ते आपलं होण्याआधी पडलेलं बरं.