कानात सांगायचा भाव

मुलांनो, सांगा बघू, भरल्या बाजारात विश्वास कुणावर ठेवाल? पाठ थोपटणाऱ्यावर, की तोंडावर खोट काढणाऱ्यावर? उत्तराची घाई नको. माल हातात घेऊन उलटसुलट बघावा, तशी आधी ही गोष्ट बघा.

नदीकाठच्या एका रानात एक अस्वल राहत असे. मधाचा धंदा करून ते सुखाने जगत होते. त्या रानातल्या बाजाराची रीत अशी, की भाव मोठ्याने बोलायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगायचा. अस्वल दिवसभर मध चाटी, पण चूळ म्हणून भरत नसे. दातांवर पिवळी पुटे चढली, जिभेवर साय धरली. मग ते कानाशी वाकले की ससा श्वास कोंडून म्हणे, "घेतला, घेतला!" आणि पोळ्याचा तुकडा उचलून पळत सुटे. हरिणही तसेच. अस्वल मात्र फुगून जाई. "घासाघीस म्हणून कुणी करत नाही! आहेच आपल्या जिभेवर साखर."

शेजारी एक काटेरी साळू बसे. साली कुरतडून तिचे दात लखलखीत. तिला राहवेना. ती म्हणाली, "अस्वलदादा, राग मानू नका, पण तुमच्या तोंडाला घाण येते. सकाळी आणि झोपताना कडुलिंबाच्या काडीने दात घासा, जीभ खरवडा, मध खाल्ला की चूळ भरा. नाहीतर गिऱ्हाईकही जाईल आणि दातही." अस्वलाने कोल्ह्याकडे पाहिले. हा कोल्हा रोज फुकटचा मध चाटायला येई. "काय रे, खरं का हे?" "छे हो, शेट! नुसता मधाचा दरवळ! जळते हो ती तुमच्यावर. अंगावर काटे, तसे जिभेवरही. अगदीच वाटलं तर तुळशीची दोन पानं चघळा." अस्वलाला हे गोड लागले. त्याने साळूला बाजारातून हाकलले आणि पाने चघळत बसले. वर पानांचा वास, खाली घाण होती तशीच.

हळूहळू गिऱ्हाईक लांबून वळून जाऊ लागले. कोल्हा म्हणाला, "शेट, तुम्ही थकलात. सावलीत बसा, कानात सांगायचं काम माझ्याकडे द्या." अस्वलाने दिले. आता गंमत बघा, हाच कोल्हा पहाटे ओढ्यावर जाऊन साळूने सांगितलेली काडी गुपचूप चावत असे! गर्दी परतली, पण कोल्ह्याकडे. इकडे अस्वलाच्या हिरड्या सुजल्या, दात हलले, एकेक गळू लागला. भुकेने कासावीस होऊन ते एकदा आपल्याच दुकानापुढे आले, तर कोल्हा नाकावर शेपूट धरून म्हणाला, "तिथूनच बोला. गिऱ्हाईक बिचकतं."

"अरे, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर आज या जागेवर मी बसलो असतो का?"

अस्वल मान खाली घालून साळूच्या बिळाशी गेले. ती रागावली नाही, गोडही बोलली नाही. ताजी काडी पुढे करून म्हणाली, "घ्या. उरलेत तेवढ्यांसाठी." काडी कडूजहर लागली. पण कडू म्हणून थुंकायचे नाही, एवढे आता अस्वलाला कळले होते.

तात्पर्य : घाण दाखवणारा कडू वाटतो आणि झाकायला शिकवणारा गोड; पण दात जातात ते गोडापायीच. म्हणून मुलांनो, एवढे ऐका. दोन वेळच्या दात घासण्याचा हिशेब स्वतःशी खरा ठेवा; न घासता "घासले" म्हणू नका.