कोरड्या नदीतले झिरे

डोंगराखालच्या एका रानातून एक नदी वाहत असे. उन्हाळ्यात तिच्यात वाळूच तेवढी उरे. पण मुलांनो, वाळू वरून कोरडी दिसली तरी खाली ओली असते. रानातली जनावरे तिथे हातभर खोल असा एकच झिरा उकरत आणि पाझरून येणारे पाणी पाळीपाळीने पीत. एकाचे पिऊन झाले, की झिरा पुन्हा भरेपर्यंत पुढच्याने थांबायचे, ही तिथली जुनी रीत होती.

एका वर्षी रानडुकराला थांबण्याचा कंटाळा आला. "सुळे माझे, मग झिराही माझाच हवा," असे म्हणून त्याने शेजारी दुप्पट खोल खड्डा उकरला. दुसऱ्याच दिवशी जुना झिरा आटला. मग साळिंदराने त्याहून खोल उकरले, अस्वलाने त्याहूनही खोल. जो तो दुसऱ्याचे पाणी आपल्याकडे ओढत होता आणि स्वतःला मोठा हुशार समजत होता. हरिणीच्या बारीक खुरांना मात्र हातभराच्या खाली जाता येईना. तिचे पाडस तहानेने उठेनासे झाले होते.

"पाडसापुरते दोन घोट द्या," ती अस्वलाला म्हणाली.

"उकरायचे आम्ही आणि प्यायचे तुम्ही? आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघालीस," अस्वल म्हणाले.

आठवडाभरात सगळेच खड्डे कोरडे पडले. तेव्हा कुठे जनावरे म्हाताऱ्या कासवाकडे गेली. कासव म्हणाले, "खड्डे तुमचे वेगवेगळे असतील, खालचे पाणी एकच आहे. उघड्या खड्ड्यांतून उरलेली ओलही ऊन पिऊन टाकते आहे. सगळे बुजवा, एकच ठेवा आणि थांबा." सर्वांनी मिळून खड्डे बुजवले. तिसऱ्या दिवशी झिऱ्यात ओंजळभर पाणी साचले. पहिला घोट पाडसाचा, असे अस्वलानेच सुचवले आणि कोणी नाही म्हटले नाही.

हरिणी एकटीच आली. पाडस आदल्या दिवशीच गेले होते.

"त्याचा घोट पुढच्याला द्या," ती म्हणाली.

रांगेत पुढे रानडुक्कर होते. ते प्यायले, पण ते पाणी त्याला गोड लागले नाही.

तात्पर्य : सर्वांच्या पाण्याला सर्वांनी पाळायची रीत लागते, ती मोडली, तर पहिला बळी दुबळ्याचा जातो, आणि मागून आलेले शहाणपण त्याला परत आणत नाही.