सतरा चिठ्ठ्या

एकदा एका वृद्ध ख्रिस्ती पाळकांकडे योएल नावाचा शिष्य शास्त्र शिकत होता. पाळकांचे नाव शांतवन. सारी मंडळी त्यांना बाबा म्हणे. बाबांच्या घरी एक वचनपेटी होती. शास्त्रातली वचने लिहिलेल्या चिमुकल्या चिठ्ठ्या तिच्यात गुंडाळून ठेवलेल्या असत, आणि नववर्षाच्या उपासनेनंतर प्रत्येक जण वर्षभराच्या आधारासाठी त्यातली एक उचले. वर्षाला एक. योएल मात्र हल्ली रोज सकाळी एक उचलत होता, आणि ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

कारण असे, की गावाहून वहिनीचे पत्र आले होते. थोरला भाऊ गिदोन अंथरुणाला खिळला होता आणि ‘योएलला बोलवा’ एवढेच म्हणत होता. या दोघा भावांत आठ वर्षांचा अबोला. वडिलांच्या दफनाच्या दिवशी, माती लोटून होते न होते तोच कबरस्तानातच त्यांची जुंपली होती, आणि ‘तुझा उंबरा पुन्हा चढणार नाही’ असे योएल सर्वांदेखत बोलून बसला होता. आता जावे की न जावे? प्रभूची इच्छा काय? त्याने उपास केले, गुडघे टेकले. चिठ्ठी एके दिवशी ऊठ म्हणे, दुसऱ्या दिवशी थांब म्हणे. माणूस मोठा चतुर प्राणी. थांब म्हणणारी चिठ्ठी योएलला नेहमी अधिक स्पष्ट वाटे.

अखेर त्याला ते असह्य झाले. पत्र बाबांपुढे ठेवून तो म्हणाला, "बाबा, देव माझ्याशी बोलतच नाही. तुम्ही तरी प्रार्थना करा."

बाबांनी पत्र वाचले. "कधी आलं हे?"

"सतरा दिवस झाले."

बाबांनी प्रार्थना केली नाही. खुंटीवरचा कोट अंगात चढवला, दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे वाकून वहाणा घातल्या आणि ते एसटी स्टँडच्या वाटेला लागले. योएल मागे धावला. "बाबा, पण अजून उत्तर कुठं मिळालंय?" बाबा थांबले नाहीत.

दुपारी ते गावात पोहोचले. वहिनी दारात आली. तिने ना स्वागत केले ना दोष दिला. "पंधरा दिवस दाराकडं बघत होते," ती म्हणाली. "परवापासून कुणाला ओळखत नाहीत."

योएल भावाच्या उशाशी बसला. "दादा, मी आलोय." गिदोनचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. योएलने पुन्हा पुन्हा हाक मारली. मग तो परसात आला आणि भिंतीला डोके टेकून रडला. "बाबा, मी उशिरा यावं हीच देवाची इच्छा होती का?"

"हे देवाच्या माथी मारू नकोस," बाबा म्हणाले. "त्याची इच्छा तुला पोस्टमननं घरपोच दिली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! तू इच्छा शोधत नव्हतास रे, न जाण्याची परवानगी शोधत होतास. चाळीस वर्षं मी पाळक आहे. पुष्कळदा मलाही आकाश मुकंच असतं. पण आजाऱ्यानं हाक मारली तर जावं की नाही, हे विचारायला मी देवाकडं कधी गेलो नाही. ते त्यानं आधीच सांगून ठेवलंय."

"दादानं मला क्षमा केली असेल?"

"ठाऊक नाही," बाबा म्हणाले. "ते तोच सांगू शकला असता."

खोटे सांत्वन देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि खरे त्यांच्यापाशी नव्हते.

आतून वहिनीची हाक आली. गिदोनला कुशीवर वळवायचे होते, तिला एकटीला जमत नव्हते. योएलने डोळे पुसले. जाऊ की नको, हे त्याने या वेळी कोणालाही विचारले नाही. त्याने भावाच्या खांद्याखाली हात घातला. अंग अगदी हलके झाले होते, पाठ सोलवटली होती. गिदोन कण्हला, पण कोणाचे हात आहेत ते त्याला कळले नाही.

तीन दिवस योएल भावाला कुशीवर वळवत राहिला. चौथ्या दिवशी त्याची गरज उरली नाही.