गवत हललं तेव्हा

एका माळरानावर एक साळुंकी राहत असे. जात्याच चौकस, शेजारी कोणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली दाणा उतरत नसे. एका दुपारी पाणवठ्यावर दोन टिटव्या कुजबुजत होत्या, "धाकट्या लांडग्यानं म्हणे सख्ख्या भावाला मारून खा…" साळुंकी दिसताच दोघी गप्प झाल्या. आता हिला कुठला धीर? ती थेट लांडग्यांच्या घळीकडे उडाली.

मुलांनो, झालं होतं ते असं. दोघे भाऊ मिळून शिकार करत. थोरला ओढ्याकडून ससा हाकत आणी, धाकटा उंच गवतात दबा धरून बसे. आपण कुठं आहोत हे भावाला कळावं म्हणून थोरला मधूनमधून साद घालत येई. त्या दिवशी पहाटे धाकटा कुरकुरला, "दादा, तुझी साद ऐकून ससे मुलूख सोडून जातात. तीन दिवस उपाशी आहोत."

थोरला हसला. "बरं बाबा, आज गप येतो. पण कान-तोंड नीट दिसल्याशिवाय झेप घेऊ नकोस."

"मी काय आता पिल्लू आहे?" धाकटा म्हणाला.

ससा ओढ्यातूनच निसटला. ते सांगायला थोरला जवळच्या वाटेनं, गवतातून, मुकाट्यानं परत निघाला. नुकताच उगवलेला सूर्य धाकट्याच्या डोळ्यांवर येत होता. समोरचं गवत हललं. त्यानं झेप घेतली. दात नरड्यात रुतले आणि मग ओळखीचा वास आला. दुपारपर्यंत तो तिथंच बसून राहिला. नंतर भावाला ओढत घरी घेऊन आला.

साळुंकी पोचली तेव्हा थोरल्याची बायको घळीच्या तोंडाशी उभी होती.

"वहिनी, मला गवत हललेलं दिसलं," धाकटा म्हणाला.

"आणि हे दिसले नाहीत?"

"दादा नंतर दिसला."

तिनं पिल्लांना आत ढकललं. "भावजी, आमच्यासाठी आता शिकार आणू नका," एवढंच ती बोलली.

साळुंकी पाणवठ्यावर परतली. टिटव्यांनी विचारलं, "काय गं, खरं का ते?"

"खाल्लं नाही," ती म्हणाली. "तेवढं खोटं."

तात्पर्य : हललं ते सावजच असेल असं नाही, समोर कोण आहे हे पुरतं ओळखल्याशिवाय वार करू नये, कारण ओळख उशिरा पटली तरी वार परत घेता येत नाही.