कारभाऱ्याचं बिऱ्हाड

एका गावात एक भोळा भिवसेन होता. इतका भोळा, की "जरा थांबा" म्हटलं की तिथंच थांबायचा, जेवायला हाक मारीपर्यंत.

त्याची बायको इंदू मात्र शहाणी. घराच्या पुढच्या खोलीत तिचं सरकारी केंद्र होतं; तिथं कॉम्प्युटरवर ती गावाला दाखले काढून द्यायची. पण कॉम्प्युटरची जुनी डिस्क थकली होती. बटण दाबावं, चहा उकळावा, प्यावा, कपबशी विसळावी, तरी तो जागा होत नसे. तालुक्याचे साहेब म्हणाले, "शनिवारी दुपारी बघायला येतो. असाच रखडला, तर केंद्र शेजारच्या गावाला देईन."

इंदूचा सगळा जीव त्या केंद्रात.

गुरुवारी ती म्हणाली, "अहो, तालुक्याला जालिंदरच्या दुकानातून नवी डिस्क घेऊन या. जपून आणा हं, धक्का लागू देऊ नका."

भिवसेननं डिस्क घेतली. एस्टीत धक्के बसतात. बैलगाडीत त्याहून बसतात. मग तो बारा मैल चालत आला, नैवेद्याचं ताट धरावं तशी डिस्क तळहातांवर धरून. वाटेत नाकावर एक माशी बसली, ती घरापर्यंत बसूनच आली.

"अहो, एस्टीनं यायचं!" इंदू म्हणाली. "लेकरागत मांडीवर घेऊन बसायचं."

"असं होय! आता तसंच करीन."

शुक्रवारी तिनं त्याला डिस्क जोडायची वायर आणायला धाडलं. भिवसेननं वायर टॉवेलात गुंडाळली, मांडीवर घेतली, थोपटली. कंडक्टर तिकीट मागायला आला, तर त्याला म्हणाला, "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय." गावात येऊन त्यानं ती शेजारच्या सखूच्या पाळण्यात निजवली. सखूचं पोर तेवढं खाली ठेवलं.

इंदूनं कपाळाला हात लावला. "अहो, वायर ती! वेटोळं करायचं, पोत्यात कोंबायचं, तोंड बांधायचं, की झालं."

"असं होय! आता तसंच करीन."

शनिवारी सकाळी इंदू म्हणाली, "आता जालिंदरलाच घेऊन या. लवकर हं, दुपारी साहेब येतील."

भिवसेन रिकामं पोतं घेऊन गेला.

दहाच्या सुमाराला पोतं दारात उतरलं. आतून आवाज आला, "वहिनी, आधी तोंड सोडा!"

इंदू शरमेनं अर्धी झाली. नवऱ्याला बाजूला ओढून म्हणाली, "कुणी आपल्या घरी आलं की दारात भाकरतुकडा ओवाळावा, पायावर पाणी घालावं, मग आत घ्यावं. एवढंही कळत नाही?"

"असं होय! आता तसंच करीन."

जालिंदर मनाचा मोठा. त्यानं अंगावरचा भुसा झाडला नि दोन्ही डिस्का वायरीनं जोडल्या.

"भाऊ, हे काय चाललंय?" भिवसेननं विचारलं.

"ऑपरेटिंग सिस्टिम हलवतोय, दादा. म्हणजे बघा, हा कॉम्प्युटरचा कारभारी. तो आहे म्हणून सगळं चालतं. त्याचं जुनं घर पडायला झालंय, म्हणून बिऱ्हाड नव्या घरात नेतोय. हा निळा पट्टा भरला, की समजा पोचला."

इंदूनं जालिंदरला आत जेवायला वाढलं. पोत्यातून आलेला माणूस, भूक फार. सावकाश जेवत बसला. इकडे पट्टा भरला.

भिवसेन उठला. जालिंदरचं स्क्रू काढायचं हत्यार घेऊन परड्यात गेला. बराच वेळ तिकडेच होता. मग हात स्वच्छ धुऊन परत आला, कारण आता स्वागत करायचं होतं. कारभारी म्हणजे काही साधा पाहुणा नव्हे!

त्यानं नव्या डिस्कवरून भाकरतुकडा ओवाळला. पाणी घालायला पाय काही दिसेनात. म्हणून अख्खा तांब्या ओतला.

फट्ट झालं. धूर निघाला.

"वा!" भिवसेन म्हणाला. "आल्या आल्या चूल पेटवली. संसारी माणूस दिसतोय."

इंदू धावत आली नि डोळ्याला पदर लावून मटकन खाली बसली. "गेलं गं बाई माझं केंद्र!"

जालिंदर हात पुसत आला. "रडू नका, वहिनी. कारभारी काही खरोखर घर सोडत नाही. त्याची नक्कल तेवढी नेतात. असल जुन्या डिस्कमध्ये जशीच्या तशी बसलीय. तीच परत जोडतो. रखडत का होईना, साहेबांपुढं चालेल."

इंदूच्या जिवात जीव आला. "अहो, जुनी डिस्क कुठाय?"

"परड्यात. वाळत घातलीय."

"वाळत?"

"बिऱ्हाड हललं, की सोडलेलं घर सारवून नको का द्यायला? झाकण काढलं, आत शेणानं चांगलं सारवलं. कोपरासुद्धा सोडला नाही."

तेवढ्यात दारात जीप थांबली. साहेब आत आले. त्यांनी कॉम्प्युटरमधून निथळणारं पाणी बघितलं, रडणारी इंदू बघितली, नि म्हणाले, "आजपासून केंद्र शेजारच्या गावाला."

ते वळले, तसा भिवसेन दारात आडवा झाला.

"साहेब, घाई करू नका. कारभारी अजून त्या घरातच होता म्हणे, आणि सारवण आहे ओलं. चला परड्यात. पावलं उमटली असतील, आपण माग काढू!"