पाहुणा आली

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हाच्या राजाचे नाव आज कोणाला आठवत नाही, आणि त्याने केलेला कायदा पाहता ते न आठवलेलेच बरे.

त्या राज्याच्या टोकाला, दाट जंगलाला लागून, डोंगरात एक गाव होते. गावाची वाट ओढा ओलांडून वर येई. त्या वाटेवर नजर ठेवायला कड्यावर एक राखणदारीण बसे. हे काम तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. ओढ्याकडे काही हलले की ती कड्यावरून हाळी देई. वाऱ्यात लांबलचक बोलणे ऐकू जात नाही, म्हणून हाळी फक्त दोन शब्दांची.

वाघाचे नाव त्या गावात कोणी तोंडाने घेत नसे. नाव घेतले की तो येतो, अशी समजूत. त्याला म्हणत 'पाहुणा'. "पाहुणा आला!" अशी हाळी आली की लोक दुपारपर्यंत दारे लावून बसत. वाघ पाणी पिऊन आपल्या वाटेने निघून जाई. पण पिल्लांसकट वाघीण आली, तर ती ओढ्याकाठी मुक्काम ठोके आणि दिसेल त्याच्या अंगावर येई. मग आठ दिवस वाट बंद. अशा वेळी हाळी असे, "पाहुणा आली!"

हसलात ना? हसा, पण पुढचे ऐका. तिला 'पाहुणी' म्हणत नसत, कारण त्या गावात पाहुणी म्हणजे माहेरी आलेली लेक. एवढा मायेचा शब्द वाघिणीला कोण देईल? "पाहुणी आली!" असे कानावर पडले की गावातल्या बाया भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन थेट ओढ्यापर्यंत धावत जात, आणि लेकीवरून ओवाळून टाकून तिला वर आणत. हे कोणी कोणाला बसवून शिकवले नव्हते. लेकरे पाळण्यात ऐकत, आणि पायांवर उभी राहायच्या आत त्यांना तिन्ही हाळ्या कळत.

एके दिवशी राजाच्या मनात आले, की आपली प्रजा फार अशुद्ध बोलते. त्याने गावोगाव एकेक शास्त्री पाठवला. सोबत दोन शिपाई दिले आणि एक लोखंडी सळई दिली. पहिल्या चुकीला चावडीवर उभे राहून शुद्ध वाक्य शंभर वेळा म्हणायचे. दुसऱ्या चुकीला दोनशे वेळा. तिसऱ्या चुकीला तापलेल्या सळईचा जिभेला चटका.

या गावात आलेला शास्त्री काही दुष्ट नव्हता. व्याकरण त्याला मुखोद्गत होते, आणि नियम मोडलेला त्याला खरोखरच बघवत नसे. त्याची बायको तर फारच मऊ मनाची. गावातल्या कुंभाराने तिसऱ्यांदा "मी त्याला बोललो" म्हटले आणि चटका खाल्ला, तेव्हा त्याच्या जिभेला लावायला लपूनछपून तूप घेऊन गेली ती हीच शास्त्रीणबाई.

कुंभार त्यानंतर बोललाच नाही. गिऱ्हाईक आले की मान हलवी, बोटांनी दाखवी. त्याच्याकडे पाहून गावाची दातखीळ बसली. पाणवठ्यावर बाया गप्प, पारावर म्हातारे गप्प. एक चिमुरडी धावता धावता आपटली आणि रडत म्हणाली, "आई, मी पडला!" आईने आधी तिच्या तोंडावर हात दाबला आणि मग गुडघ्यावरचे रक्त पाहिले. सांगा, कसले हे दिवस!

राखणदारीण दोनदा सापडली होती. दोन्ही वेळा चूक तीच. पहिल्यांदा वाघीण आली तेव्हा तिने हाळी दिली, गाव वाचले आणि तिला चावडीवर उभे केले. दुसऱ्यांदाही तेच.

"आला म्हणायचं तर पाहुणा. आली म्हणायचं तर पाहुणी," शास्त्री म्हणाला. "म्हण, पाहुणी आली."

"बुवा, पन त्याचा अर्थ..."

"पण. आणि अर्थ नंतर. म्हण."

गावचा पाटील हिय्या करून उठला. "शास्त्रीबुवा, आमच्या हितं ह्यो शबुद..."

"इथे. हा. शब्द," शास्त्री म्हणाला. "एका दमात तीन चुका, पाटील. मोजू?"

पाटलाने शिपायाच्या हातातल्या सळईकडे पाहिले आणि तो मुकाट्याने खाली बसला. राखणदारीण उभी राहून म्हणत राहिली, "पाहुणी आली, पाहुणी आली..." दोनशे पुरे होईपर्यंत.

पंचमीचे दिवस आले. लेकींनी माहेरी यायचे हे दिवस, त्यामुळे घरोघर आयांचे कान कड्याकडे. शास्त्रीणबाईची एकुलती एक लेक गेल्या वर्षी दूर राजधानीत दिली होती. तीही येणार होती. गावातल्या बायांकडून बघून बघून शास्त्रीणबाईने भाकरतुकड्याची रीत उचलली होती. सकाळी उठून ती ताजी भाकरी करी आणि तांब्या भरून उंबऱ्यात ठेवी.

अशाच एका सकाळी राखणदारणीला ओढ्याकाठच्या गवतात पिवळे काही हललेले दिसले. तिने डोळ्यांवर हात धरला. वाघीण होती, आणि तिच्या पायांत दोन पिल्ले घोटाळत होती.

राखणदारणीने हाळीसाठी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ती अडली. 'आला' म्हणावे, तर दुपारी लोक दारे उघडून पाण्यावर येतील आणि वाघीण तिथेच असेल. 'आली' म्हणावे, तर सळई. कुंभाराचे सुजलेले तोंड तिच्या डोळ्यांपुढे आले. मी मरेन, पण गावाला सांगेन, असे तिने मनाशी म्हटले आणि तोंड उघडले. पण भीती फार वाईट. मन एक म्हणाले आणि दोनशे वेळा वळवलेली जीभ आपणच वळली.

"पाहुणी आली!"

हाळी कानावर पडताच तिचे तिलाच कळले, आपण काय करून बसलो ते. पण तोवर गावातली दारे उघडली होती. बाया भाकरतुकडे घेऊन हसत उताराला लागल्या होत्या. कोणाची आली ग? तुझी की माझी? किती दिवसांनी त्या मोठ्याने बोलत होत्या! सगळ्यांच्या पुढे शास्त्रीणबाई होती, पदर खोचून, तांब्यातले पाणी हिंदकळत.

राखणदारीण कड्याच्या अगदी टोकाशी धावली. आता तिला सळई दिसत नव्हती, कुंभार दिसत नव्हता. तिने बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितले, "पाहुणा आली! पाहुणा आली!"

बाया जागच्या जागी वळल्या. भाकऱ्या पडल्या, तांबे कलंडले. छाती फुटेस्तोवर त्या चढ चढत पळाल्या. आईच्या दुधाबरोबर प्यालेले शब्द होते ते, त्यांना विचार करावा लागला नाही.

शास्त्रीणबाई मात्र थांबली. मागे बायांची पळापळ चालली आहे, याकडे तिचे लक्षच गेले नाही. तिला फक्त चूक ऐकू आली होती, तिसरी चूक. तिने वर कड्याकडे पाहिले आणि दोन्ही हात हलवून कळवळून ओरडली, "अगं, पाहुणी म्हण! पाहुणी! नाहीतर ते चटका देतील गं तुला!"

तिच्या पाठीमागचे गवत दुभंगले.

माणसे ढोल बडवत, मशाली घेऊन खाली उतरली तेव्हा फार उशीर झाला होता. तिला उचलून वर आणले. शास्त्री तिच्याजवळ बसून राहिला. त्याने मान वर केली. समोर राखणदारीण उभी होती.

"तू दोन हाळ्या दिल्यास," तो म्हणाला. "असं का केलंस?"

"पयली तुमी शिकवलेली, बुवा," ती रडत म्हणाली. "दुसरी खरी व्हती."

तिने एका वाक्यात किती चुका केल्या, हे शास्त्रीने मोजले नाही. त्याने विचारले, आणि पाटलाने भीत भीत त्याला तिन्ही हाळ्यांचे अर्थ सांगितले. इतके महिने गावात राहून त्याने हे पहिल्यांदाच ऐकले. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी मुलगी," तो म्हणाला. "आज-उद्या ती याच वाटेने येईल."

"मी कड्यावरच बसते, बुवा. दिसली की वरडून सांगते," राखणदारीण म्हणाली.

"काय सांगशील?" शास्त्रीचा आवाज फुटला. "ती हसेल आणि तिथेच उभी राहील. लहानपणापासून मीच शिकवलंय तिला. चूक ऐकली की थांबायचं आणि आधी ती सुधारायची."

शास्त्रीने बायकोला अग्नी दिला, आणि चिता विझायची वाट न पाहता तो डोंगरावरच्या आडवाटेने लेकीला गाठायला अनवाणी पळत सुटला. पाटील आणि गावातले चौघे ढोल घेऊन त्याच्या मागोमाग धावले. लेक त्यांना ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर सापडली. ती कड्याकडे तोंड करून हसत उभी होती. वरून राखणदारीण जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि ही तिला शुद्ध वाक्य सांगत होती.

शास्त्रीने तिचा हात धरून तिला ओढत मागे नेले. "बाबा, आई कुठे आहे?" तिने विचारले. सारे व्याकरण तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला एक वाक्य पुरे करता आले नाही. बापलेक पुन्हा त्या गावात आले नाहीत. सळई चावडीवर गंजत पडली, पण गावातल्या बायांना मोठ्याने बोलायला पुढे कित्येक वर्षे भीती वाटे.

म्हणून, लहानथोरहो, बोलणाऱ्याची चूक काढण्याआधी तो काय सांगतो आहे ते ऐकावे.